बोनिफासचा वर्तमानकाळ

कुडचड्यात स्टेशनामागे टायरचं दुकान आहे,
त्याच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी
बोनिफास आम्हा तिघांना रोमानियन शिकवतो.
जहाजावर ऑइलर होता. बावीस वर्षं इंजिनाच्या पोटात,
पाळीला सोबत कुणी दुमित्रू.
त्याच्याकडून उचललं तेवढं येतं.
पुस्तक नाही. फळा म्हणजे दाराची आतली बाजू,
कुणी उशिरा आलं की धडा उघडतो
आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहतो.

पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं :
मला फक्त वर्तमानकाळ येतो.
पंप चालू आहे. वॉल्व गळतोय. तू कुठे आहेस.
खाली एवढंच बोलतात.
काल काय झालं ते तिथे कोण विचारतो?

आधी माणसं. येउ म्हणजे मी.
तू म्हणजे तू.
ज्योकिम हसला, एक आलं म्हणाला, राहिले किती?

मग 'असणे'. येउ सुन्त सुलक्षा.
मी आहे, सुलक्षा.
आणि पाच ओळी खाली, येय सुन्त : ते आहेत.
तोच शब्द. मी बोट वर केलं.
चूक नाही, बोनिफास म्हणाला, तसंच आहे ते.
मी एकटी असेन तिथे, आणि ते सगळे,
एकाच शब्दात, दाटीवाटीने.

'जवळ असणे' : आम, आय, आरे.
माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे.
आरेला हसलो. आयला रोहिदास गप्प झाला,
त्याची गेल्या चवथीआधी गेली.
तुझ्याकडे आहे, हा अर्थ
त्याने वहीत उतरवलाच नाही.

लुक्रेझ. मी काम करते.
मराठी आधी विचारते, करतो की करते?
घरची कोंकणी विचारत नाही, हांव करतां,
आणि हीसुद्धा विचारत नाही, बरं वाटलं.
पण शेवटी हा 'एझ' कुठून आला?
काहींना लागतो, काहींना नाही,
का ते दुमित्रूलाही ठाऊक नव्हतं.
कामाला लागतो.
वाट पाहण्याला लागत नाही.

हे मला न घोकता पाठ झालं.
आमच्या दारात टिपर उभा आहे,
खाण बंद पडली त्या वर्षापासून,
हौद्यात पाणी, पाण्यात बेडूक.
आश्तेप्त. मी वाट पाहते.
आश्तेप्त्स. तू पाहतोस.
आश्त्याप्ता, तो.
तिसऱ्या माणसापाशी आलं की
धातूचा मधला स्वर फुटतो.
हा रोज सकाळी टिपरचे आरसे पुसतो.

क्लुजजवळ एक हॉटेल आहे, त्याच्या लाँड्रीत
दोन वर्षांचा करार. चादरींच्या घड्या मला येतात.
प्लेक म्हणजे मी निघते, मुइने प्लेक, उद्या निघते,
उद्याचंही यातच भागतं, बोनिफास म्हणाला,
घाबरू नकोस.

काल जिन्यात वळून मी म्हटलं, येतां हां.
त्याने हाक मारून थांबवलं.
तिथे निघताना येते म्हणू नकोस,
खुर्ची मांडून बसतील बिचारे.
विन नव्हे. प्लेक म्हण.
म्हटलं. जिभेवर सुपारी फुटावी तसा आवाज झाला.
जाते, असं उंबऱ्यात उभं राहून
मी आजवर कधी कुणाला म्हटलेलं नाही.

रात्री भांडी घासताना घोकत होते,
हा मागच्या दारात विडी विझवून ऐकत होता.
म्हणाला, आणि 'ती गेली' कसं म्हणतात?

ते अजून झालं नाही, मी म्हटलं.
बोनिफासला येत नाही.

बरं, म्हणाला,
आणि तो वाक्य जुळवत राहिला,
येउ, तू,
येउ, तू,
तेवढंच त्याला आलं होतं.